कॉर्नियात रक्त दिसलं तर: नव्या रेसिडेंटसाठी आणि ऑप्टोमेट्रिस्टसाठी

ससून असो, मोहम्मदवाडीचं एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय असो, नाहीतर एखाद्या पेठेतला दोन खोल्यांचा दवाखाना. "डोळ्यात रक्त उतरलंय" म्हणत येणारं माणूस ओपीडीत रोज असतं. त्यातल्या बहुतेकांच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, पातळ पापुद्र्याखाली रक्त पसरलेलं असतं. दिसायला भयंकर, पण त्रास काही नाही. रक्तदाब मोजायचा, धीर द्यायचा, आठवड्या-दोन आठवड्यांत ते आपोआप जातं. आपला विषय तो नाही. कधीतरी एखाद्याच्या काळ्या भागावरच्या पारदर्शक काचेत, म्हणजे खुद्द कॉर्नियाच्या आत रक्त दिसतं, आणि तिथे नवा माणूस गोंधळतो. पाठ्यपुस्तकात या प्रकाराला दोन-चार ओळींच्या वर जागा मिळत नाही, म्हणून हा लेख.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. निरोगी कॉर्नियात रक्तवाहिनी नसतेच. त्याचं पोषण अश्रूंवर, आतल्या पाण्यावर आणि कडेच्या वाहिन्यांवर चालतं. त्यामुळे कॉर्नियात रक्त दिसलं की ते किती आहे हा प्रश्न नंतरचा. ते कुठल्या वाहिनीतून आलं आणि कुठल्या थरात साठलं, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की उपचार जवळजवळ ठरलेलेच असतात. ती न मिळवता थेंब लिहून देणं म्हणजे नुसती चिठ्ठी फाडणं.

स्लिट लॅम्पकडे नेण्याआधी

दोन मिनिटं नीट बोला. वेल्ह्याकडून एसटीने आलेल्या एखाद्या आजींशी बोलणं साधारण असं होतं:

"आजी, या डोळ्यात पूर्वी कधी फूल पडलं होतं का?"

"पडलं व्हतं की. ल्हानपणी देवी आल्या व्हत्या तवा. तवापासून ह्या डोळ्यानं धुरकटच दिसतं."

"गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

"बीपीची एक. अन् काळजात ती स्प्रिंग टाकली ना, तवापासून रगात पातळ करायची."

"परवा काही जड उचललंत? खोकला, उलट्या?"

"गव्हाचं पोतं सरकावलं, दुसरं काय न्हाई. सकाळी सून म्हनली, आत्याबाई, डोळा लाल झालाय."

इथे अर्धं निदान झालंच. जुना व्रण, त्यात शिरलेल्या जुन्या वाहिन्या, रक्त पातळ करणारी गोळी आणि जोर लावल्याने डोक्याकडच्या शिरांत क्षणभर वाढलेला दाब. नाजूक भिंतीची वाहिनी फुटायला एवढं पुरतं.

कारणं माणसागणिक बदलतात आणि पुण्यात ती पत्त्यावरूनही ओळखू येतात. हिंजवडीतली तरुण मुलगी असेल तर कॉन्टॅक्ट लेन्स रात्री काढते का, हे आडवळणाने विचारा. सरळ विचारलं तर "काढते" असंच उत्तर येतं. "गेल्या आठवड्यात लेन्स घालून किती वेळा झोप लागली?" असं विचारलं तर खरं कळतं. ऑक्सिजन कमी पडला की कडेच्या वाहिन्या कॉर्नियात सरकतात आणि त्यातली एखादी कधी फुटते. दौंड-इंदापूरकडचा शेतकरी असेल तर उसाचं पातं लागून कधी व्रण झाला होता का, ते विचारा. भोसरी-चाकणचा कामगार असेल तर ग्राइंडिंगची ठिणगी आणि लोखंडाचा कण. लहान मूल असेल तर घरातल्या तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब. चुना डोळ्यात उडून झालेली जखम कॉर्नियात वाहिन्यांचं जाळं मागे ठेवते. मोतीबिंदूचं, काचबिंदूचं, चष्मा घालवण्याचं किंवा नेत्ररोपणाचं ऑपरेशन झालं असेल तर तारीख आणि डिस्चार्ज कार्ड मागा. पुणेकर पेशंट बहुधा सगळी फाइल क्रमवार लावून आणतो आणि वर आपल्यालाच दोन प्रश्न विचारतो. त्या फाइलचा कंटाळा करू नका, उत्तर पुष्कळदा तिच्यात असतं.

आणखी एक. "मेडिकलवाल्याने दिलेले" थेंब पिशवीतून बाहेर काढायला लावा. त्यात स्टेरॉइड आहे का ते बघा. डोळ्यात मध, एरंडेल, सुरमा, गुलाबपाणी काय काय घातलंय तेही विचारा, पण न रागावता. रागावलात तर पुढच्या वेळी सांगणार नाहीत.

कुठल्या थरात आहे, हे बघणं

दृष्टी मोजल्याशिवाय लॅम्पला हात लावू नका. आजची नोंद नसेल तर पंधरा दिवसांनी सुधारलं की बिघडलं, हे कशावरून सांगणार?

मग स्लिट लॅम्प, म्हणजे उजेडाची बारीक फट टाकून डोळा मोठा करून दाखवणारं यंत्र. आधी कमी मोठेपणावर, पसरट उजेडात सगळा डोळा बघा. नव्या माणसाची नजर थेट लाल डागावर जाते आणि तिथेच चिकटते. ती आवरा. पापण्या, पांढरा भाग, कडा, मग कॉर्निया, मग आतली पोकळी असं चला.

आता फट शक्य तितकी बारीक करा, उजेडाचा हात 45 अंशांच्या आसपास फिरवा आणि मोठेपणा वाढवा. कॉर्नियाचा उभा काप दिसेल. पुढे एक लखलखीत रेघ, मध्ये राखाडी पट्टा, मागे दुसरी बारीक रेघ. या सगळ्याची जाडी मध्यभागी अर्ध्या मिलिमीटरच्या जराशी वर, 540 मायक्रॉनच्या आसपास. आणि त्यातला नव्वद टक्के भाग मधला राखाडी पट्टा, म्हणजे स्ट्रोमा. फट हळूहळू सरकवत लाल डागावर आणा आणि बघा, लाल रंग कापाच्या कुठल्या भागात उमटतो.

पुढच्या रेघेला लागून असेल तर रक्त वरवरचं, एपिथेलियमखाली, म्हणजे सगळ्यात वरच्या थराखाली. राखाडी पट्ट्यात असेल तर स्ट्रोमातलं. स्ट्रोमा तंतूंच्या एकावर एक रचलेल्या पातळ पदरांचा असतो; चिरोट्याच्या पदरांत पाक शिरावा तसं रक्त दोन पदरांमध्ये आडवं पसरतं. म्हणून समोरून डाग मोठा दिसला तरी कापात त्याची जाडी फारशी नसते. तिसरी जागा सगळ्यात फसवी: स्ट्रोमा आणि डेसिमेट पडदा यांच्या मध्ये. डेसिमेट हा मागच्या बाजूचा, प्रौढ माणसात साधारण 10 मायक्रॉन जाडीचा पडदा. रक्त त्याला मागे ढकलून खिसा तयार करतं. त्या खिशाची कड रेखीव, गोलसर असते आणि कधीकधी त्यात रक्ताची आडवी पातळीसुद्धा दिसते. समोरून बघणारा बेलाशक "हायफिमा" लिहून मोकळा होतो.

फरक असा ओळखा. हायफिमात रक्त मागच्या रेघेच्याही पलीकडे, पुढच्या पोकळीत असतं. पेशंटला डोकं एका बाजूला कलतं करून थोडा वेळ बसवलं की पोकळीतलं न गोठलेलं रक्त नव्या पातळीवर येतं आणि बुबुळापर्यंत पसरलेलं दिसतं. डेसिमेटपुढचं रक्त आपल्या खिशाच्या सीमेत राहतं, आणि तिरक्या बारीक फटीत त्याच्यामागे फुगलेल्या पडद्याची रेघ, तिच्यामागे स्वच्छ पोकळी दिसते. शंका उरली तर पुढच्या भागाचा ओसीटी, म्हणजे थरांचा काप दाखवणारं स्कॅन करा. तो थर नेमका दाखवतो. फक्त रक्त दाट असेल तर मागे सावली पडते, तेव्हा त्या सावलीतलं काही ठामपणे सांगू नका.

फुटलेली वाहिनी शोधणं

लॅम्पचा हिरवा फिल्टर लावा. वाहिन्या काळ्याभोर उठून दिसतात. मग उजेड बुबुळावर टाकून त्याच्या परतीच्या प्रकाशात कॉर्निया बघा. ज्या वाहिन्यांत आज रक्त वाहत नाही, त्यांच्या रिकाम्या नळ्याही अशा दिसतात.

वरवरच्या वाहिन्या लालभडक, नागमोडी, फाटे फुटलेल्या असतात आणि कडेपलीकडे पांढऱ्या भागावरच्या वाहिन्यांपर्यंत त्यांचा माग काढता येतो. खोलवरच्या वाहिन्या सरळ, ब्रशच्या केसांसारख्या असतात आणि कडेशी येऊन दिसेनाशा होतात. वरवरच्या दिसल्या तर लेन्स, खुपरी, पापण्यांचे जुने आजार यांचा विचार करा. खोलवरच्या दिसल्या तर नागीण, साधा हर्पिस, क्षय, उपदंश, कुष्ठरोग. व्रणाच्या जागी कॉर्नियाची संवेदना कमी वाटते का, ते कापसाच्या बारीक धाग्याने बघा, पण फ्लुरेसिन (जखम दाखवणारा रंग) आणि सुन्न करणारे थेंब टाकायच्या आधी. थेंब टाकून झाल्यावर संवेदना तपासणारा रेसिडेंट दर बॅचला एक तरी निघतोच.

वाहिनी कुठेच सापडली नाही तर दोन शक्यता उरतात. एक, ऑपरेशन: काचबिंदूच्या काही शस्त्रक्रियांत डोळ्याचा दाब एकदम उतरला की श्लेमच्या कालव्यातून (डोळ्यातलं पाणी बाहेर नेणाऱ्या वाटेतून) रक्त उलटं येतं आणि डेसिमेटच्या पुढे साठतं, मोतीबिंदूच्या छेदाशी डेसिमेट सुटला असेल तर तिथेही साठतं. चष्मा घालवण्याच्या लेसिकमध्ये जुन्या लेन्सवाल्याच्या कडेच्या वाहिन्या कापल्या जाऊन रक्त फ्लॅपखाली, म्हणजे कापून उचललेल्या पदराखाली जातं. दोन, मुळात ते रक्तच नाही.

रक्तासारखं दिसणारं

लोखंडाच्या कणाभोवतीचं गंजाचं कडं तपकिरी असतं, कामगाराचा इतिहास असतो आणि ते वरच्या थरात असतं. कॉर्निया फुटून त्यात अडकलेलं बुबुळ काळपट-तपकिरी ठिपक्यासारखं दिसतं. ते ओळखू आलं नाही आणि कुणी दाबून तपासलं तर डोळा जाऊ शकतो. म्हणून संशय असेल तिथे फ्लुरेसिनची पट्टी ओलसर करून लावा आणि निळ्या उजेडात हिरव्या रंगातून पाण्याचा ओघळ वाहतो का ते बघा. गळती असेल तर दाब मोजणं, डोळा दाबून बघणं सगळं थांबवा. कडक शील्ड लावा आणि सीनिअरला बोलवा.

सगळा कॉर्नियाच गंजल्यासारखा, विटकरी-तपकिरी दिसत असेल तर तो ताजा रक्तस्राव नव्हे. हायफिमा बरेच दिवस भरलेला राहिला, सोबत दाब वाढलेला राहिला किंवा आतल्या पेशी आधीच कमकुवत असल्या की हिमोग्लोबिनचे अंश कॉर्नियात झिरपतात. याला रक्ताचा डाग बसणं म्हणतात. अगदी सुरुवातीला मागच्या स्ट्रोमात बारीक पिवळट कण दिसतात आणि तिथलं तंतूंचं पोत पुसट होतं. ते त्याच दिवशी टिपलं तर पुढचं बरंच टळतं. डाग पुरा बसला तर कडेकडून आत असा निवळतो, आणि त्याला महिने, कधी दोन-तीन वर्षं लागतात. मूल असेल तर तेवढ्या वेळात डोळा आळशी होतो. दृष्टीचं खरं नुकसान तिथे होतं.

गणपतीच्या मिरवणुकीतल्या लेझरबद्दलही हल्ली विचारणा होते. तो रक्तस्राव डोळ्याच्या मागच्या पडद्याचा, म्हणजे रेटिनाचा असतो. अशा पेशंटची बाहुली मोठी करून पडदा बघा, कॉर्नियात शोधत बसू नका.

केसपेपरवर

चित्र काढा. "कॉर्नियल हेमरेज, डोळा उजवा" एवढंच लिहिलेला कागद पुढच्याच्या काही कामाचा नाही. घड्याळाच्या काट्याप्रमाणे जागा, कडेपासून अंतर, मिलिमीटरमध्ये लांबी-रुंदी, थर. रक्त आणि वाहिन्या लाल पेनाने, व्रण काळ्याने, सूज निळ्याने, रंगद्रव्य तपकिरीने, फ्लुरेसिनने रंगलेला भाग हिरव्याने. बाहुलीसमोर आहे की नाही हे शब्दात वेगळं लिहा. फोटो जरूर काढा, पण फोटोत खोली कळत नाही.

गळती नसेल तर दाब मोजा. व्रण असलेल्या कॉर्नियावर गोल्डमन टोनोमीटरचा (दाब मोजायच्या नेहमीच्या यंत्राचा) आकडा दगा देतो. टोनोपेनने कॉर्नियाच्या निरोगी भागावर मोजलेला बरा. मागचा पडदा दिसत नसेल तर बी-स्कॅन, म्हणजे डोळ्याची सोनोग्राफी. रक्तदाब, प्लेटलेटसह रक्ताची तपासणी, साखर. वॉरफेरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याची तपासणी. खोल वाहिन्या असतील तर उपदंशाच्या रक्तचाचण्या आणि छातीचा एक्स-रे. सरसकट सगळ्यांना सगळं लिहू नका.

उपचार: आधी हात आवरा

कडेचा, लहान, बाहुलीपासून दूर असलेला रक्तस्राव आपोआप शोषला जातो. काही आठवडे लागतात. लालचा गडद, मग तपकिरी, मग पिवळट असा रंग पालटतो, आणि पेशंटला हे आधीच सांगून ठेवलं नाही तर तो पिवळा रंग बघून पू झाला म्हणून धावत येतो. डोळा चोळायचा नाही, जड उचलायचं नाही, खोकला आणि बद्धकोष्ठ असेल तर त्यावर औषध घ्यायचं. लेन्स बंद, निदान आपण पुन्हा बघेपर्यंत.

रक्त पातळ करणारी गोळी आपण परस्पर बंद करायची नाही आणि पेशंटलाही करू द्यायची नाही. स्टेंट असलेल्या माणसाने डोळ्यातल्या दोन मिलिमीटर रक्तासाठी गोळी सोडली तर जिवावर बेतू शकतं. आयएनआर जास्त आला तर त्याच्या हृदयरोगतज्ज्ञाला त्याच दिवशी फोन करा.

वाहिन्या ताज्या असतील आणि सोबत दाह असेल तर स्टेरॉइडचे थेंब उपयोगी पडतात, पण जंतुसंसर्ग नाही आणि वरच्या थरात हर्पिसची फांद्यांसारखी जखम नाही याची खात्री झाल्यावरच. हर्पिसचा जुना आजार असेल तर थेंबांसोबत तोंडावाटे एसायक्लोव्हिरचं संरक्षण द्या. प्रतिबंधासाठी नेहमीचा डोस 400 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, मूत्रपिंडाचं काम बघून. स्टेरॉइड चालू असलेल्या प्रत्येकाचा डोळ्याचा दाब दर भेटीला मोजायचा.

डेसिमेटपुढचं मोठं रक्त बाहुलीसमोर असेल तर ते कॉर्नियातज्ज्ञाचं काम. तुमचं काम त्याच दिवशी पाठवणं. अशा पेशंटचे मोठे अभ्यास झालेले नाहीत, एकेका रुग्णाच्या नोंदींवरच सगळा व्यवहार चालतो, त्यामुळे एक तज्ज्ञ थांबा म्हणेल आणि दुसरा काढा म्हणेल. माझं मत काढण्याकडे झुकतं, कारण रक्त दीर्घकाळ राहिलं तर मागे डाग राहतो, आणि गोठण्याआधी ते काढायला सोपं असतं. लहान छेदातून खिसा धुवून घेतात, गोठलेलं असेल तर काही वेळा गुठळी विरघळवणारं औषध वापरतात, आणि पुढच्या पोकळीत हवा किंवा वायू भरून पडदा जागेवर दाबतात. त्यानंतर पेशंटला उताणं झोपवतात. त्या रात्री ड्यूटीवर तुम्ही असाल तर डोळा ठणकतोय, उलटी होतेय ही तक्रार पित्तावर ढकलू नका. हवेच्या बुडबुड्याने बाहुली अडून दाब चढलेला असू शकतो.

सोबत हायफिमा असेल तर

रंगपंचमीचा फुगा, सोसायटीच्या पार्किंगमधला टेनिस बॉल, बुक्की. इथे कॉर्नियाला वाचवायचं म्हणजे दाबावर नजर ठेवायची. डोकं 30 ते 45 अंश उंच ठेवून विश्रांती, शील्ड, स्टेरॉइड आणि बाहुली मोठी ठेवणारे थेंब. दुखण्यावर पॅरासिटामोल द्या; आयब्रुफेन किंवा अ‍ॅस्पिरिन मात्र नको. दुसऱ्या ते पाचव्या दिवसात पुन्हा रक्तस्राव व्हायची भीती सगळ्यात जास्त, म्हणून "आठवड्याने या" म्हणणं चूक, रोज बोलवा. दाब वाढला तर टिमोलोल, पण दमा विचारून. दाब 50 (मिमी पारा) वर पाच दिवस किंवा 35 वर सात दिवस टिकला तर रक्त काढायचं, असा ढोबळ नियम आहे. पोकळी काठोकाठ भरलेली असेल तर 25 च्या वरचा दाबसुद्धा सहा दिवस चालवून घ्यायचा नाही. पिवळे कण दिसू लागले तर कुठल्याच आकड्याची वाट बघू नका.

नंदुरबार, गडचिरोली, विदर्भाकडचा पेशंट असेल तर सिकलसेलची चाचणी आधी करा. सिकल झालेल्या पेशी पोकळीतून बाहेर पडत नाहीत आणि थोड्या दाबानेही डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा अडतो. अशांत 24-25 चा दाब एक दिवस टिकला तरी शस्त्रक्रियेचा विचार होतो. अ‍ॅसिटाझोलामाइड त्यांना टाळतात.

रक्त गेल्यावर

डाग गेला म्हणजे काम संपलं असं नाही, वाहिनी अजून तिथेच असते. तीच पुन्हा फुटत असेल, किंवा तिच्या टोकाशी चरबीचा पिवळा थर साठत बाहुलीकडे सरकत असेल, तर ती बंद करायचा विचार होतो. अर्गॉन लेझरने वाहिनी शेकता येते, पण ती पुन्हा उघडण्याची खोड असते. बारीक सुईने मूळ वाहिनी जाळण्याचा उपाय जास्त टिकतो, मात्र तसं करतानाच स्ट्रोमात थोडं रक्त येऊ शकतं. पेशंटला हे आधी सांगून सही घ्या. बेव्हासिझुमॅबचं इंजेक्शन ताज्या वाहिन्यांवर चांगलं चालतं, वर्षानुवर्षांच्या मुरलेल्या वाहिन्यांवर कमी. हा त्या औषधाचा मान्यताप्राप्त उपयोग नाही, हेही संमतीपत्रात यायला हवं.

मागे दाट डाग राहिला आणि दृष्टी फारच कमी झाली तर नेत्ररोपण. पण वाहिन्या असलेल्या कॉर्नियात बसवलेला नवा कॉर्निया शरीर नाकारण्याचा धोका जास्त असतो, म्हणून आधी वाहिन्या शांत करायच्या आणि मग यादीत नाव घालायचं. वेल्ह्याच्या आजींसारख्यांचा दुसरा डोळा ठीक असेल, पहिल्यापासूनच या डोळ्याने धुरकट दिसत असेल, तर ऑपरेशनची घाई कुणाला आहे ते आधी विचारून घ्या. बऱ्याचदा ती सुनेला असते, आजींना नसते.